तारीख टळली की भक्त आणखी कडवे का होतात?

मांजराकाठ (प्रश्न)
लातूर-औसा-निलंगा पट्ट्यात अधूनमधून मोबाइलवर एक तारीख फिरायली. कधी भूकंपाची, कधी कलियुग संपायची, कधी प्रभू यायची, कधी कयामतीची. नाव बदलतं, घाट तोच. तारीख टळली की सांगणारे खजील होतील असं वाटतं, पण होतं उलटंच. जे गप्प बसले होते त्यांच्यावरच राळ उठते, ‘तुमच्यासारख्यांमुळं सगळं अडलं’ म्हणून. तीही परधर्मीयांवर कमी, आपल्याच देवळातल्या, मशिदीतल्या, मंडळीतल्या माणसांवर जास्त. वाचनालयात यावर बोलायचंय. ऐकणारे सगळ्या धर्मांचे असतील. तारीख कशी बनवतात, टळल्यावर आत काय होतं आणि अशा वेळी आपण काय करायचं, हे उदाहरणं नि आकड्यांसकट पाहिजे. ‘अंधश्रद्धा वाईट’ एवढंच सांगायचं तर सभा कशाला घ्यायची?

फळा-खडू
टीका नंतर. आधी फळ्यावर गणित मांडा.

ख्रिस्त परत कधी येणार याची तारीख काढणाऱ्या अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. बायबलात दानीएलच्या पुस्तकात (8:14) 2300 संध्याकाळ-सकाळ असा आकडा येतो. त्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, आणि सुरुवात धरली इ.स.पू. 457 पासून, यरुशलेम पुन्हा उभारायच्या फर्मानाचं वर्ष म्हणून. 2300 वजा 457 म्हणजे 1843. मार्च 1843 ते मार्च 1844 अशी मुदत सांगितली, ती कोरडी गेली. मग ध्यानात आलं की इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणजे एक वाढवायला हवा. पुढे सॅम्युएल स्नो या उपदेशकाने यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस धरून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. आकडेमोड तपासा, चोख आहे. घोळ आहे तो ‘दिवस म्हणजे वर्ष’ आणि ‘सुरुवात 457’ या दोन गृहीतांत. लोक मात्र बेरीज तपासतात, ती जुळते, आणि भरवसा बसतो.

दुसरं उदाहरण हॅरॉल्ड कॅम्पिंगचं. अमेरिकेतला हा रेडिओवरचा ख्रिस्ती उपदेशक, त्याने न्यायाच्या दिवसाची तारीख काढली. येशू क्रुसावर गेला तो दिवस त्याने धरला 1 एप्रिल इ.स. 33, तिथून 7,22,500 दिवस मोजले की 21 मे 2011 येतो. हा आकडाच का? तर 5 म्हणजे प्रायश्चित्त, 10 म्हणजे पूर्णता, 17 म्हणजे स्वर्ग. तिघांचा गुणाकार 850, आणि 850 चा वर्ग 7,22,500. वर्ग का घ्यायचा, याला उत्तर नाही. गुणा, वर्ग करा, सुरुवात मागंपुढं सरकवा, एवढी मोकळीक असली की कुठलाही दिवस गाठता येतो. सभेतल्या एखाद्याला त्याच्या वाढदिवसाची तारीख काढून दाखवा, तिथंच पटेल.

आपल्याकडचं गणित तर घरच्या पंचांगातच आहे. शके आकड्यात 3179 मिळवले की गतकली, म्हणजे कलियुगाची सरलेली वर्षं, निघते. शके 1947 म्हणजे 5126. कलियुग 4,32,000 वर्षांचं, म्हणजे अजून 4,26,874 वर्षं शिल्लक. ‘पापं वाढली म्हणून कलियुगाचं आयुष्य घटून 5,000 वर्षांवर आलं’ असं सांगणारे व्हिडिओ ओडिशातल्या जुन्या पोथीच्या नावाने फिरतात. त्यांचंच खरं धरलं तरी 5126 मधून 5000 गेले, उरले 126. मग ते 1899 च्या सुमारासच संपायला हवं होतं.

उंबरठा
वरचं ठीक आहे. पण मांजराकाठ यांचा खरा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे.

तारीख टळली की सांगणाऱ्यापुढं थोड्याच वाटा उरतात. हिशेब चुकला म्हणून नवी तारीख द्यायची. किंवा घडलंय, पण डोळ्यांना दिसणार नाही म्हणायचं. कॅम्पिंगने दोन्ही केलं: 21 मे ला न्याय झाला पण आत्मिक पातळीवर, आणि शेवट आता 21 ऑक्टोबर 2011 ला. (मार्च 2012 मध्ये त्याने तारीख सांगणं हेच पाप झालं असं लेखी कबूल केलं. असं करणारे विरळा.) तिसरी वाट, आमच्या साधनेनं टळलं. 3 ते 5 फेब्रुवारी 1962 ची अष्टग्रही आठवा. मकर राशीत आठ ग्रह म्हणून देशभर यज्ञ झाले, काही झालं नाही, आणि श्रेय यज्ञांना गेलं. त्या आठांत सूर्य, चंद्र आणि केतू धरलेले. खरे ग्रह पाचच. केतू तर चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो नुसता बिंदू, आणि अमावास्येला सूर्य-चंद्र त्या बिंदूजवळ आले की ग्रहण होतं. त्या वेळी झालंही, पॅसिफिककडं. बाकी ग्रहांची भरती-ओहोटीची ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकीही भरत नाही.

चौथी वाट ती तुम्ही सांगितलेली: आपल्यातल्याच कच्च्या माणसांमुळं बिघडलं. भांडण इथं पेटतं. परधर्मीयाने तारीख मानली नाही तर भक्ताचं काही बिघडत नाही, तो मानणार नाही हे गृहीतच असतं. पण शेजारच्या सतरंजीवरचा माणूस तीच पोथी वाचतो, तेच भजन म्हणतो आणि तरी तारखेला नाही म्हणतो. तो खरा ठरला तर आपलं वाचन खोटं ठरतं. म्हणून पहिला घाव त्याच्यावर.

मिलरच्या लोकांत हे टप्प्याटप्प्याने दिसतं. सुरुवातीला ते आपापल्या चर्चमध्येच होते. चर्चवाल्यांनी त्यांना काढायला सुरुवात केली. एलेन हार्मन, म्हणजे पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ उभारणाऱ्यांतली एलेन व्हाइट, हिच्या कुटुंबाला पोर्टलंडच्या मेथडिस्ट मंडळीने 1843 मध्ये काढलं. त्याच वर्षी इकडून, मिलरच्या बाजूच्या चार्ल्स फिच या उपदेशकाने ‘बाबेलातून बाहेर पडा’ असा उपदेश केला आणि बाबेल म्हणजे बाकी सगळी चर्चं असं सांगितलं. असहिष्णुता दोन्हीकडून होती, हे सभेत आवर्जून सांगा, नाहीतर एकाच बाजूला झोडपल्यासारखं होईल. तारीख टळल्यावर एका गटाने ‘बंद दार’ शिकवण काढली: 22 ऑक्टोबरला कृपेचं दार मिटलं, बाहेर राहिले त्यांना आता आत येणं नाही. मग हे मानणाऱ्यांत आणि न मानणाऱ्यांत जुंपली. एप्रिल 1845 च्या ऑल्बनीच्या परिषदेत फाटाफूट उघड झाली. जग बुडायचं राहिलं, मंडळी मात्र तुकड्या-तुकड्यांत गेली.

दौलताबादी
अमेरिकेपर्यंत कशाला जाता, आपल्याच मुलखात मोठं उदाहरण आहे. फक्त ते ‘तारीख चुकली’ असं नाही, ‘आला की यायचाय’ असं आहे.

सय्यद मुहंमद जौनपुरी (1443–1505) यांनी स्वतः महदी असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या काळात येणारा मार्गदर्शक तो महदी. त्यांना मानणारे ते महदवी. त्यांच्या मते महदी येऊन गेला, बाकी मुसलमानांच्या मते यायचाय. कुराण तेच, नमाज तीच, आणि वैर मात्र शतकानुशतकं.

निजामशाहीत, म्हणजे दौलताबाद-परांड्याच्या मुलखात, हे थेट तख्तापर्यंत गेलं. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ राजपंथ केला होता. 1589 मध्ये जमालखान या महदवी सरदाराने पोरसवदा इस्माईलला गादीवर बसवलं, महदवी पंथ राजपंथ केला. त्याच धामधुमीत अहमदनगरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. 1591 मध्ये रोहिणखेडच्या लढाईत जमालखान पडला, इस्माईलचा बापच बुऱ्हाण दुसरा म्हणून गादीवर आला, आणि शिया पंथ परत. दोन वर्षांत दोनदा राजपंथ बदलला. साल बघा: हिजरी 1000 सुरू झालं ऑक्टोबर 1591 मध्ये. हजार वर्षं भरताना काहीतरी घडणार ही हवा तेव्हा दख्खनपासून अकबराच्या दरबारापर्यंत होती. पुढे 1822 मध्ये हैदराबादेतून महदव्यांना बाहेर काढलं गेलं, तेव्हा आपण निजामाच्याच राज्यात होतो.

हे सांगताना एक पथ्य पाळा. महदवी समाज आजही आहे, शांतपणे नांदतोय. त्यांची श्रद्धा खरी की खोटी हा आपला विषयच नाही.

उलटतपासणी
उंबरठा, एक शंका. भाकीत फसलं की भक्त जास्त घट्ट होतात आणि जोरात प्रचार करतात, हे सगळे 1954 च्या शिकागोजवळच्या गटावरून सांगतात. 21 डिसेंबरला महापूर येणार, त्याआधी उडती तबकडी आपल्याला न्यायला येणार, असं मानणारे ते लोक. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. पण गट इवलासा आणि संशोधकांची माणसं भक्त म्हणून आत शिरलेली. बैठकीत बसलेल्यांत खरे भक्त किती नि टिपणं घेणारे किती, हा सवाल तेव्हापासून आहे. नंतर पाहिलेल्या गटांत काही पांगले, काही गुपचूप राहिले, थोडेच प्रचाराला लागले. तेव्हा ‘कडवे होतातच’ असा नियम सांगू नका. बहुतेक वेळा माणसं नुसती यायची बंद होतात. आवाज ऐकू येतो तो मागं राहिलेल्यांचा.

उंबरठा
मान्य. आणि हेच कामाचं आहे. गळणारे जास्त असतील तर त्यांना गळायला वाट ठेवा. तारीख टळल्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात ‘काय महाराज, आहात की अजून!’ असं म्हटलं की गळणारा माणूससुद्धा परत आत जातो. करायचं ते आधी करा. तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधी, चारचौघांत नाही, घरी बसून त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या: काय घडणार, कुठं, किती वाजेपर्यंत. आणि खाली, ‘यातलं नाही झालं तर मी काय समजेन’. शेवटची ओळ बहुतेक जण लिहायला का-कू करतात. ती का-कूच कामाला येते. कागद त्याच्याकडंच राहू द्या.

आणि ज्याला त्याला त्याच्याच पोथीतून सांगा. ख्रिस्ती माणसाला मत्तय 24:36, तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मुसलमानाला सूरा 7 ची 187 वी आयत, त्या घडीचं ज्ञान अल्लाहपाशीच. हिंदूला पंचांगातली गतकली. दुसऱ्याच्या पोथीतून सांगितलं की तो वादच वेगळा होतो.

मांजराकाठ
लई उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. भूकंपाच्या तारखेवर काय बोलायचं? किल्लारीमुळं इथं ते हसण्यावारी नेता येत नाही. आणि तारीख न मानणाऱ्या घराला सोयऱ्या-धायऱ्यांनी तोडलं तर कायद्यात काही आहे का?

दगड-माती
हसण्यावारी नेऊच नका. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, तीव्रता 6.2, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर दमून झोपलेली गावं. ज्यांनी ते पाहिलं त्यांची भीती खरी आहे. खोटी आहे ती फॉरवर्डमधली तारीख.

भूकंपाच्या अंदाजात चार गोष्टी लागतात: जागा, वेळेची मर्यादा, तीव्रता, आणि शक्यता किती. ‘या महिन्यात मराठवाड्यात धरणी हलेल’ यात तीव्रताच नाही, त्यामुळं ते खोटं ठरूच शकत नाही. हिंगोलीत वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या आसपास जमिनीतून आवाज येणं नि बारीक धक्के बसणं चालूच असतं. 21 मार्च 2024 ला सकाळी 4.5 चा आणि काही मिनिटांत 3.6 चा धक्का बसला, त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5. असा एखादा लागला की तारीखवाला म्हणतो, बघा. आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते. 4.5 आणि 6.2 मधलं अंतर त्यावरून काढा, साडेतीनशे पटींच्या आसपास जातं.

पश्चात धक्के मात्र ठरावीक पद्धतीने कमी होत जातात, साधारण दिवसांच्या व्यस्त प्रमाणात. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ‘अमुक वाजता मोठा येणार’ असा निरोप कुठलीही वेधशाळा देत नाही, देऊ शकत नाही. सभेत तारखेऐवजी घराचं बोला: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती नि वर मातीचं धाबं, याखाली माणसं गेली.

काळा-कोट
कायद्याचं. नुसती तारीख सांगणं हा गुन्हा नाही, पोलिसांत जाऊन तोंडघशी पडू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो तो चमत्काराचा दावा करून पैसा उकळणं, फसवणं, दहशत घालणं असेल तेव्हा. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार, अजामीनपात्र.

तोडलेल्या घरासाठी सामाजिक बहिष्काराचा 2016 चा कायदा आहे, 3 जुलै 2017 पासून लागू. समाजाच्याच लोकांनी आपल्यातल्या कुणाला प्रार्थनास्थळ, स्मशान, लग्नकार्य, देणंघेणं यापासून तोडलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. तक्रार ठाण्यात, किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडं. बैठक कधी झाली, कोण काय बोललं, कुठल्या ग्रुपवर काय आलं, हे तारीखवार ठेवा.

घाईचं काम मात्र वेगळंच असतं. ‘आता जमिनीचं काय करायचं’ म्हणत कुणी बक्षीसपत्र करून दिलं असेल तर फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला 15 दिवस मिळतात, तलाठ्याकडं लेखी द्या नि पोच घ्या. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र त्या हरकतीने रद्द होत नाही, त्याला दिवाणी दावा लागतो, साधारण 3 वर्षांच्या आत.

मांजराकाठ
तोडणारे एका पंथाचे नि तुटलेलं घर दुसऱ्या धर्माचं असेल तर?

काळा-कोट
मग 2016 चा कायदा लागायला अवघड, तो एकाच समाजातल्या लोकांपुरता आहे. दोन धर्मांत तेढ लावणारं बोलणं-लिहिणं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 196 बघा, 3 वर्षांपर्यंत. प्रार्थनास्थळात केलं तर 5 वर्षांपर्यंत. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना नंबर आणि वेळ दोन्ही दिसली पाहिजे, आणि मूळ मेसेज मोबाइलमधून काढू नका.