तटाआड बसून कुणी जिंकलंय का?

खंदकाकाठचा
रविवारी सोलापूरच्या किल्ल्यासमोर, पार्क मैदानाजवळ चहा पिताना मित्राशी वाद झाला, तो अर्धवट राहिला म्हणून इथं टाकतोय. आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या पोरांचा कबड्डीचा सामना होता. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा तीन गुणांनी पुढं होतो. पोरांनी ठरवलं, आता चढाईला जायचं, समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडायची आणि रिकाम्या हाती परत यायचं. सगळे बाद होऊन लोण चढला आणि हरलो.

मित्र म्हणाला, "समोर बघ. दुहेरी तट, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकीकडं खंदक. मे १८१८ मध्ये इंग्रजांचा सेनापती मन्रो आला आणि आठवडाभरात किल्ला त्याच्या हातात. बचाव करणारा फक्त हरायची तारीख पुढं ढकलतो."

मला हे पटत नाही. क्लाउझेवित्झ हा प्रशियाचा सेनानी, आयुष्यभर लढाया बघितलेला माणूस. त्यानं बचाव हाच युद्धाचा जास्त बळकट प्रकार म्हटलंय. जमीन ओळखीची असते, दमत समोरचा येतो. हरली ती पोरं, बचाव नव्हे. बोला.

पार्कचा प्रेक्षक
क्लाउझेवित्झचं अर्धंच वाक्य घेतलं तुम्ही. तोच पुढं म्हणतो की बचावाचा हेतू नकारात्मक असतो, म्हणजे हातात आहे ते राखणं. बळ आलं की बचाव सोडून पुढं जायचं. ते कोण सांगणार?

हलगी
मी जत्रेच्या फडांना नियमानं जाणारा माणूस. माझं मत स्पष्ट आहे, नुसता बचाव हा प्रेक्षकांचा गुन्हेगार आहे. मागच्या वर्षी एका गावात शेवटची मोठी कुस्ती लागली. हलगी कडाडतेय, लोक झाडावर चढलेत, आणि दोघं पैलवान डोक्याला डोकं लावून पंधरा मिनिटं एकमेकांची मनगटं झटकताहेत. एकानं पट काढायचा प्रयत्न तरी केला. दुसरा दर वेळी मागं सरकून फडाच्या कडेला. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली आणि इनाम वाटून दिलं. ज्यानं काहीच केलं नाही त्यालाही निम्मं! मॅटवर बरं असतं. निष्क्रिय पैलवानाला ताकीद मिळते, मग ३० सेकंदांत गुण घेतला नाही तर समोरच्याला आयता एक गुण. मातीतही असंच पाहिजे.

बोरीकाठ
हलगी, तुमचा राग समजतो, पण लढाईला तिकीट नसतं. तिथं कंटाळवाणं जिंकलेलं पण चालतं.

मूळ प्रश्नाबद्दल. १८१८ चं उदाहरण तुमच्या मित्रानं चुकीच्या बाजूनं लावलंय. मन्रोनं आधी पेठ घेतली. पेशव्यांची फौज तटाबाहेर होती, ती निघून जायला लागली तेव्हा त्याच्या घोडदळानं पाठलाग करून उधळली. त्यानंतर किल्ल्यातल्यांनी कुणाची वाट बघायची? बाजीराव स्वतःच पळतीवर होते. तट पडायच्या आधी आशा पडली.

आता उलटं बघा. जिंजीला राजाराम महाराज १६९० पासून वेढ्यात. मोगल सरदार झुल्फिकारखानाला किल्ला घ्यायला १६९८ उजाडलं, आणि तोवर महाराज निसटलेले. का टिकली? तट उंच होता म्हणून? तो एक भाग झाला. खरं कारण बाहेर फिरणारे संताजी आणि धनाजी. त्यांनी वेढा घालणाऱ्यांचीच रसद तोडली, मोगल छावणी उपाशी पडायची वेळ आली. त्याच काळात औरंगजेब बादशहा इथं आपल्या जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरपाशी, भीमेकाठी १६९५ ते १६९९ तळ देऊन बसला होता. माचणूरला जाता तेव्हा देवळाबरोबर किल्ल्याकडंही बघत जा की. एवढा मोठा बादशहा चार वर्षं एका नदीकाठी, हा बचावाचाच पराक्रम आहे.

पार्कचा प्रेक्षक
म्हणजे शेवटी जिंकलं कोण? बाहेर फिरून हल्ले करणारे. हा बचाव कसा, ही तर चढाई झाली! गनिमी काव्याला बचावात घालू नका बे. पानिपतावर भाऊसाहेब खंदक खणून बसले. नोव्हेंबर १७६० पासून. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, जनावरं मेली, माणसं उपाशी, आणि १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडावंच लागलं. तो खरा बचाव. निकाल माहीत आहे.

बोरीकाठ
मी तेच तर म्हणतोय. आत बसणारा आणि बाहेर फिरणारा हे एकाच बचावाचे दोन हात. पानिपतावर बाहेरचा हात तुटला. तुम्ही एक हात मोजताय.

शेंगाचटणी
इतिहास थांबवा जरा. सिडनीची कसोटी, ११ जानेवारी २०२१. विहारीची मांडी धरलेली, पळता येत नाही, १६१ चेंडूंत नाबाद २३. अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. सामना अनिर्णित. पुढं ब्रिस्बेनला पुजारानं अंगावर चेंडू खात २११ चेंडूंत ५६ केल्या आणि मालिका २-१. अजून काय पाहिजे?

हलगी
आणि पंतच्या नाबाद ८९ कुठं गेल्या? सिडनीलाही त्याच्या ९७ नंतरच कांगारू बिचकले. पुजारा एकटा असता तर ब्रिस्बेनही अनिर्णित.

शेंगाचटणी
पुजारा नसता तर पंत येईपर्यंत सगळे तंबूत असते.

डावा कोपरा
मी कबड्डीत सहा वर्षं डाव्या कोपऱ्याला खेळले, म्हणून बोलते. बचाव म्हणजे मागं उभं राहणं, असं बाहेरून दिसतं. आतून तसं नसतं. चढाईवाल्याकडं ३० सेकंद असतात, श्वास त्याचा जातोय, आणि निदान रेषा ओलांडणं त्याला भाग आहे. मला काहीच भाग नाही. मी फक्त त्याच्या मागच्या पायाकडं बघते. तो बोनस रेषेपलीकडं पाय टाकतो तेव्हा मागचा पाय हवेत असतो, सगळं वजन पुढच्या पायावर. पाय परत ओढायच्या क्षणाला घोटा धरायचा. अर्धा सेकंद आधी धरला तर तो लाथेनं सुटतो, उशीर झाला तर गेलाच. तोपर्यंत साखळीतल्या मुलीनं माझा हात सोडून त्याच्या कमरेला यायला हवं. एकटीनं धरलेला घोटा म्हणजे आमच्या सरांच्या भाषेत दान.

खंदकाकाठचा, तुमच्या पोरांनी बचाव केलाच नाही. त्यांनी चढाया वाया घालवल्या. दोन रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणजे दर तिसऱ्या चढाईला ते आपला एक गडी स्वतःच्या हातानं देत होते. त्याला बचाव कोण म्हणेल?

खंदकाकाठचा
हे मान्य. मी दोन्ही एकात घातलं.

पार्कचा प्रेक्षक
रविवारी चहा पिताना वाद घालणारा तो मित्र मीच आहे, आता सांगून टाकतो. ताईंचं पकडीचं पटलं. पण त्यांचा बचाव चालतो तो नियम चढाईवाल्याला आत यायला लावतो म्हणून. युद्धात कुठं असते निदान रेषा? १९४० मध्ये जर्मन फौज फ्रान्सच्या माझिनो तटबंदीला वळसा घालून आर्देनच्या जंगलातून आली. फ्रेंच पकडीला तयार, चढाईच दुसरीकडून.

बोरीकाठ
इंग्रज सेनापती वेलिंग्टननं १८०९-१० मध्ये लिस्बनपुढं तोरेस वेद्रासच्या तटबंदीच्या रांगा उभारल्या, पाठीशी समुद्र आणि इंग्रजी जहाजांची रसद. पुढचा मुलूख आधीच ओस पाडलेला. फ्रेंच सेनापती मासेना महिनाभर समोर बसला, मग मागं सरकून काही महिने उपाशी काढले आणि परत गेला. वळसा घालायला जागाच नव्हती. निदान रेषा आखता येते, जागा निवडावी लागते.

हलगी
आणि लोकांनी काय बघायचं तोवर?

डावा कोपरा
एक विचारायचं राहिलं. लोण चढायच्या आधी मैदानात किती जण उरले होते?

खंदकाकाठचा
तीन. मग दोन. मग एक.

डावा कोपरा
तिघं असताना पकड लागली असती तर दोन गुण मिळाले असते, सुपर टॅकलचे. कुणी हात घातला का?

खंदकाकाठचा
नाही. तिघंही मागच्या रेषेला चिकटून उभे होते.