रस्त्यात दुखणं आलं, तर शेजारच्या कॅराव्हॅनने काय करावं?

ऑस्ट्रेलियात निवृत्तीनंतर कॅराव्हॅन जोडून महिनोन्महिने फिरणाऱ्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. या वाटेला लागलेल्या आणि लागू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. हकिगती नकोत. दुसऱ्याच्या अडीअडचणीला नेमकं काय करायचं, तेवढं लिहा.

पर्थकर
नलारबॉरपासून, म्हणजे दक्षिणेकडच्या ओसाड मैदानापासून सुरुवात करतो. नॉर्समन ते सेदुना सुमारे १२०० किमी, मधे एकही रुग्णालय नाही. फोनला रेंज असेल तर ००० (आणीबाणीचा क्रमांक). इमर्जन्सी प्लस हे अ‍ॅप अक्षांश-रेखांश दाखवतं, ते वाचून सांगा. रेंज नसेल तर यूएचएफ रेडिओ (गाडीतला बोलण्याचा वायरलेस): चॅनल ४० वर ट्रकवाले असतात, १८ वर कॅराव्हॅनवाले. ५ फक्त आणीबाणीसाठी. "कायगुनाच्या पश्चिमेला ३० किमी, पर्थकडे तोंड" असं बोला. "सरळ रस्त्यावर आहोत" याला अर्थ नाही, तिथला सरळ पट्टाच १४६.६ किमीचा आहे.

मदतीला आलेल्यांपैकी एकानेच फोन धरावा. दुसऱ्याने कागद घ्यावा: त्रास कधी सुरू झाला, कोणती गोळी कधी दिली. वेळेपुढे घड्याळ कुठलं तेही लिहा. याच वाटेवरच्या युक्लाच्या आसपास घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे असतं आणि साउथ ऑस्ट्रेलियात दीड तास (उन्हाळी वेळेत अडीच). या घोळात डोस दुप्पट होतात.

मु. पो. टाउन्सव्हिल
दूरच्या रुग्णांना विमानाने मदत पोचवणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ पासून आहे, सुरुवात आमच्या क्वीन्सलंडात क्लॉनकरीला झाली. दूरच्या अनेक ठिकाणी त्यांची औषधपेटी असते, त्यात औषधांना क्रमांक दिलेले असतात. डॉक्टर फोनवर क्रमांक सांगतात, तेवढंच काढून द्यायचं. आपल्या डब्यातली ‘अशीच’ गोळी देण्याचा उत्साह आवरा. आयर हायवेवर (नलारबॉरचा रस्ता) काही ठिकाणी रस्त्यालाच धावपट्टी केली आहे, दोन्ही टोकांना पांढरे जाड पट्टे असतात. विमान येणार असेल तर आपल्या व्हॅन तिथून पार लांब न्या.

विमानात सोबत एकाला घेतीलच असं नाही. जागा आणि वजन बघून ठरतं. कुत्रा आणि व्हॅन मागेच राहतात.

जॉकी व्हील
खरी माणुसकी लागते ती इथेच! रुग्णाला विमान नेतं, पण मागे राहिलेल्या जोडीदाराला बहुतेकदा टोइंग (व्हॅन ओढत गाडी चालवणं) येत नसतं.

गाडी आणि व्हॅनची जोडी शक्यतो तोडू नका. मदत करणाऱ्या जोडप्यातल्या एकाने रुग्णाची गाडी व्हॅनसकट चालवावी, दुसऱ्याने स्वतःची. परक्या गाडीला ती व्हॅन जोडायची तर चार गोष्टी जुळाव्या लागतात: ओढण्याची क्षमता, कपलिंग (गाडी-व्हॅन जोडणारी कडी), प्लग (७ की १२ पिनांचा) आणि गाडीत इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर. कंट्रोलर नसेल तर व्हॅनचे ब्रेक लागतच नाहीत. निघण्याआधी विमा कंपनीला विचारा की दुसरा चालक चालतो का.

सोडवायचीच झाली, तर आधी चाकांना अडण्या, व्हॅनचा हँडब्रेक, मग जॉकी व्हील (व्हॅनच्या पुढच्या टोकाचं टेकूचं चाक) खाली. व्हॅनचं वजन विभागणारे स्प्रिंग बार असतील तर ते ताणात असताना हात घालू नका. कपलिंग लागलेलंच ठेवून जॉकी व्हीलने पुढचा भाग उचला, ताण गेला की बार निघतात. मग प्लग, साखळ्या, शेवटी कपलिंग. ब्रेकअवेची तार (व्हॅन सुटली तर तिचे ब्रेक लावणारी) गाडीकडच्या टोकाला सोडा. घाईत व्हॅनकडची पिन उपटली तर ब्रेक आवळून बसतात आणि बॅटरी उतरते.

पर्थकर
+१. शिवाय थ्री-वे फ्रिज (गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा) १२ व्होल्टवर राहू देऊ नका, उभ्या गाडीची बॅटरी संपेल. गॅसचा नळ बंद.

इन्सुलिनवाली मावशी
न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. व्हॅनचा फ्रिज मागच्या भिंतीशी गोठवतो आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, म्हणून दाराच्या कप्प्यात ठेवा. शेजाऱ्याचं इन्सुलिन सांभाळायला घेतलंत तर तापलेल्या गाडीत विसरू नका. औषधांची यादी, अ‍ॅलर्जी आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना) क्रमांक एका पाकिटात घालून रुग्णासोबत पाठवा. आणि जोडीदाराला जेवायला घाला, हे सांगावं लागतं! अशा वेळी माणूस नुसत्या चहावर राहतो.

मेलबर्नची सून
आईवडील भारतातून व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर भारताशी परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे मेडिकेअर मिळत नाही. त्यांच्या विमा पॉलिसीचा क्रमांक त्याच पाकिटात हवा. मेडिकेअरवाल्यांनाही त्यातून रुग्णवाहिकेचा खर्च मिळत नाही. क्वीन्सलंडच्या रहिवाशांचा त्यांचं राज्य देशभर भरतं. बाकीच्यांनी आपापल्या राज्याचा नियम निघण्याआधी बघून ठेवा.

मु. पो. टाउन्सव्हिल
बरं झाल्यावर परत आणायला विमान येत नाही, हेही जोडीदाराला आधीच सांगा. व्हॅन कॅराव्हॅन पार्कात ठेवायची तर आठवड्याचा स्टोरेज दर विचारा, साइटपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. किल्ल्यांना चिठ्ठी बांधा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि कुत्रा कुणाकडे आहे ते रुग्णालयात कळवा.