‘उच्च प्रतीचा’ खडक म्हणजे नेमका कुठला?

भाषांतरवाली
हिमालय कसा घडला यावरच्या एका लेखाचं मराठी करतेय. त्यातलं एक वाक्य मी असं लिहून मोकळी झाले: ‘जोशीमठकडून बद्रीनाथकडे चढत जावं तसा खडक अधिकाधिक उच्च प्रतीचा होत जातो.’ घरी वाचून दाखवलं, तर सासरे म्हणाले, “म्हणजे बांधकामाला चांगला का?” झालं, तिथेच गाडी अडली. मूळ शब्द ‘ग्रेड’ आहे. प्रत, दर्जा, श्रेणी सगळं लावून पाहिलं, पण तिन्हींत खडकाचं कौतुक केल्यासारखं वाटतं.
जोडप्रश्न: रूपांतरित खडक की कायांतरित खडक?

दोन्हीकडचा
जोडप्रश्न सोपा आहे, आधी तो घेतो. ‘कायांतरित’ हिंदी पाठ्यपुस्तकांतला, मराठीत शाळेपासून ‘रूपांतरित’च. आणि तो चपखलही आहे. कादंबरीचं नाट्यरूपांतर करतात तेव्हा गोष्ट तीच राहते, घाट बदलतो. इथेही तसंच. मूळ द्रव्य बरंचसं तेच असतं (पाणी तेवढं निघून जातं), उष्णतेने आणि दाबाने त्याची नवी खनिजं जुळतात. हे सगळं खडक घट्ट असतानाच घडतं. पूर्ण वितळून पुन्हा थिजला तर तो अग्निज, मग त्याला रूपांतरित म्हणायचं नाही.

जुना मास्तर
सासऱ्यांचं काही चुकलं नाही. मी वर्गात वर्षानुवर्षं ‘उच्च दर्जाचं रूपांतरण’ म्हणत आलो आणि दर वर्षी एक तरी पोरगं विचारायचं, “सर, मग कमी दर्जाचं काय वाईट असतं?” शेवटी मी ‘पायरी’ म्हणायला लागलो. वरची पायरी, खालची पायरी. खडक किती तापला आणि किती दाबला गेला, तेवढंच त्यातून कळतं. चांगलं-वाईट काही नाही.

पहिली पायरी तर तुमच्यापैकी पुष्कळांनी हातात धरली आहे: शाळेची दगडी पाटी. आंध्रातलं मार्कापूर या पाट्यांसाठी प्रसिद्ध. समुद्रतळाचा बारीक चिखल आधी दगड झाला, मग डोंगर उभा राहताना आवळला गेला. त्यातली अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाला आडवी होऊन एका रांगेत बसली, म्हणून तो दगड सपाट पत्र्यांनी सुटतो. तोच चिखल आणखी खोल गेला की पत्रे जाडेभरडे आणि चमचमते होतात; ती सुभाजा, म्हणजे शिस्ट. त्याहून खोल गेला की काळे-पांढरे पट्टे वेगळे पडतात, तो पट्टिताश्म, म्हणजे नाईस.

या पायऱ्या खनिजांवरून ओळखायची युक्ती भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांची. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये नकाशे करताना त्यांना दिसलं की एका दिशेने चालत गेलं की त्याच जातीच्या खडकात ठरावीक खनिजं ठरावीक क्रमाने हजेरी लावतात. 1893 मध्ये त्यांनी ते मांडलं. आज तो क्रम असा सांगतात: क्लोराइट, काळा अभ्रक म्हणजे बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. यांना निर्देशक खनिजं म्हणतात. माझ्या मते ‘खुणेची खनिजं’ जास्त बोलकं आहे, पण ऐकतो कोण!

नागपूरकर
मास्तर, कायनाइटचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्या भंडाऱ्याकडे कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही निघतात. भट्टीच्या विटांना लागतात. माझ्याकडे कायनाइटचा एक निळा तुकडा आहे, बोटाएवढा, पट्टीसारखा चपटा. त्याची गंमत सांगतो. चाकूचं टोक लांबीच्या दिशेने ओढलं तर ओरखडा उमटतो. आडवं ओढलं तर चाकू नुसता घसरतो. एकाच दगडाची दोन कठीणपणं! म्हणूनच त्याचं जुनं नाव डिस्थीन होतं, ग्रीकमध्ये ‘दोन बळांचा’. कायनाइट हे नाव निळ्या रंगावरून आलंय.
आमच्याकडचा आणखी एक शब्द: गोंडाइट. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झचा रूपांतरित खडक. भूवैज्ञानिक फर्मर यांनी 1909 मध्ये गोंडांवरून हे नाव दिलं. मनसर, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी याच पट्ट्यातल्या. आज तिथे टेकाडंच उरली आहेत, पण ते गार्नेट सांगतं की हा प्रदेश कधीकाळी डोंगररांगेच्या पोटात होता.

भाषांतरवाली
नागपूरकर, मस्तच. पण कायनाइट आणि सिलिमनाइट वेगळे ओळखून डोंगराबद्दल काय कळतं? लेखात यावर पानभर मजकूर आहे आणि माझ्या डोक्यावरून गेलाय.

जुना मास्तर
ताई, हे तिघे सख्खे भाऊ धरा: अँडालुसाइट, कायनाइट, सिलिमनाइट. तिघांचं रासायनिक सूत्र एकच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. फक्त अणूंची मांडणी वेगळी. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, दाब जास्त असेल तर कायनाइट, उष्णता जास्त असेल तर सिलिमनाइट. साधारण 500 अंश सेल्सिअस आणि 14-15 किलोमीटर खोलीइतका दाब, या एका ठिकाणी तिघांच्या हद्दी भेटतात. म्हणजे खडकात कोण बसलाय एवढं पाहिलं तरी तो किती खोल जाऊन आला याचा अंदाज येतो.

गार्नेट तर याहून चोख. ते गाभ्याकडून बाहेर वाढत जातं आणि वाढतानाची परिस्थिती थराथराने साठवतं. गाभ्यात सहसा मँगनीज जास्त, काठाकडे ते कमी होत जातं. माझ्याकडे जोशीमठच्या वाटेवर उचललेला एक तुकडा आहे. तुरीच्या डाळीएवढं तांबूस गार्नेट, आणि ओढ्यातल्या धोंड्याला पाणी वळसा घालतं तसा अभ्रक त्याच्या दोन्ही अंगांनी वळलेला. भिंगातून पाहिलं की कळतं, गार्नेट आधी आलं आणि खडक नंतरही पिळवटत राहिला. काही गार्नेटांच्या पोटात तर बारीक कणांची ओळ भोवऱ्यासारखी वळलेली असते, कारण ते वाढता वाढता फिरत होतं.

लडाखच्या त्सो मोरारीकडे याची कमाल आहे. तिथल्या गार्नेटच्या आत कोएसाइट अडकलेलं सापडलं. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचंच दाट रूप, जे सुमारे 90 किलोमीटरहून खोल तयार होतं. भारतीय खंडाचा काठ तेवढा खाली दबला आणि परत वर आला! गार्नेटने घट्ट धरून ठेवलं म्हणून कोएसाइट टिकलं, नाहीतर वर येता येता त्याचं पुन्हा क्वार्ट्झ झालं असतं.

दोन्हीकडचा
मास्तर, ‘पायरी’ आवडली. पण ताईंच्या वाक्यात एक मेख आहे. जास्त तापलेला खडक खाली असायला हवा ना? मग चढत जाताना पायरी वाढते कशी?

जुना मास्तर
बरोब्बर पकडलंत. हिमालयात जिना उलटा आहे. अलकनंदेच्या खोऱ्यात हेलंगपाशी मेन सेंट्रल थ्रस्टचा, म्हणजे ज्या मोठ्या भेगेवरून एक खंड दुसऱ्यावर सरकला तिचा पट्टा सुरू होतो. त्याच्या खाली साधे, कमी तापलेले खडक. वर जोशीमठकडे गार्नेट, मग कायनाइट, आणि बद्रीनाथकडे सिलिमनाइट. तिथे तर खडक थोडा वितळायलाही लागला होता. खोलवरचा तापलेला खंड थंड खडकांवर सरकवला गेला, हे सगळ्यांना मान्य आहे. पण त्या गरम खंडाने खालच्यांना तापवलं, की मूळच्या पायऱ्याच घसटत जाऊन उलट्या झाल्या, यावर अजून एकमत नाही.

कोकणी माणूस
एक शंका, जरा तिरकी. जांभा, मुरूम, काळा कातळ, मांजऱ्या… यांना आपले शब्द आहेत. मग सुभाजा, पट्टिताश्म असे संस्कृत दागिने कशाला? गवंड्याला विचारा, काही कळणार नाही.

दोन्हीकडचा
कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा. जे पायाखाली असतं त्याला लोक नाव ठेवतात, सुभाजा बहुतेकांच्या पायाखाली नाहीच. तरी शब्द वाईट नाही. ‘सहज भागला जाणारा’ असा अर्थ, आणि शिस्टच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचाही अर्थ ‘चिरलेला’च. पट्टिताश्म मात्र मलाही तोंडात अडकतो. मी बोलताना सरळ नाईस म्हणतो.

कोकणी माणूस
आई पदर सुटलेली पोळी म्हणायची. ‘पदराचा दगड’ म्हटलं सुभाजेला, तर?

जुना मास्तर
पाटीलाही पदर असतात हो. मग पाटी आणि सुभाजा वेगळे कसे करणार? वर्गात समजावायला झकास आहे, संज्ञा म्हणून नको.

भाषांतरवाली
वाक्य बदललं: ‘हेलंगहून बद्रीनाथकडे चढत जावं तशी खडकातली रूपांतरणाची पायरी वाढत जाते, एरवी खोल गेल्यावर भेटणारा तापलेला खडक इथे वर आहे.’ सासऱ्यांना पुन्हा वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आता कळलं. पण बांधकामाला चालतो का, ते सांग.”

नागपूरकर
चालतो म्हणावं. फक्त अभ्रक जास्त असलेला नको, पापुद्रे सुटतात.