गेमिंग लॅपटॉप: कार्डाचं नाव बघायचं की वॅट?

रातकिडा:
गेमिंगसाठी लॅपटॉप कोणता घेऊ असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "बजेटमध्ये बसेल ते सगळ्यात मोठ्या नंबरचं ग्राफिक्स कार्ड उचल." डेस्कटॉपसाठी ठीक आहे हो. लॅपटॉपच्या बाबतीत हा सल्ला म्हणजे शुद्ध फसगत.

उदाहरणार्थ, एनव्हीडिया कंपनीचं आरटीएक्स ४०६० हे कार्ड घ्या. लॅपटॉप बनवणारी कंपनी ही चिप ३५ वॅट विजेवरही चालवू शकते आणि ११५ वॅटवरही. स्टिकर दोन्हीकडे तोच! पातळ, देखण्या मॉडेलात उपाशी ठेवलेलं ४०७० असेल, तर जाडजूड मॉडेलातलं पोटभर वीज मिळणारं ४०६० त्याला सहज गाठतं. पूर्वी निदान नावापुढे 'मॅक्स-क्यू' असायचं, त्यावरून कमी वॅटचं कार्ड ओळखू यायचं. २०२१ मध्ये आरटीएक्स ३००० मालिका लॅपटॉपवर आली आणि ती खूणही नावातून गेली.

म्हणून आधी वॅट, मग कूलिंग, मग स्क्रीन. कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी.

भोचक:
साफ असहमत. वॅट वाढवून व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) वाढत नाही. ६ जीबीचं ४०५० कितीही थंड ठेवा, टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) 'अल्ट्रा'वर टाकली की जागा संपते आणि उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो. तिथून तो परत आणायला वेळ लागतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) छान दिसतो, पण कॅमेरा झटकन वळवला की चित्र अडखळतं, समोरची भिंत आधी धुरकट येते आणि मग सावकाश स्पष्ट होते. हे वॅटच्या आकड्यात कुठे दिसतं?

शिवाय रॅम बहुतेक मॉडेलांत वाढवता येते, एसएसडी बदलता येते. ग्राफिक्स चिप मदरबोर्डावर झाळलेली असते, ती जन्माची सोबतीण. जे बदलता येत नाही ते आधी बघायचं, एवढं साधं आहे. पंख्यांच्या आवाजाचं म्हणाल, तर हेडफोन लावा.

रातकिडा:
व्हीरॅम म्हणता ना? लॅपटॉपवर ४०६० ला ८ जीबी आणि ४०७० लाही ८ जीबीच. १२ जीबी मिळते ती डेस्कटॉपच्या ४०७० ला. म्हणजे तुमच्याच निकषावर मोठ्या नंबरचे जादा पैसे पाण्यात.

भोचक:
त्या एका जोडीपुरतं खरं आहे. ४०५० आणि ४०६० मध्ये निवडायचं झालं, तर मी वॅट न विचारता ८ जीबीवालं घेईन.

खुर्चीवीर:
तुम्ही दोघं भांडताय ते ठीक, पण मुळात लॅपटॉप कशाला? ४०९० चंच बघा. डेस्कटॉपवर १६,३८४ कोअर (चिपमधले हिशेब करणारे भाग) आणि २४ जीबी व्हीरॅम. लॅपटॉपवर त्याच नावाखाली ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. चिपच वेगळी आहे.

आणि 'कुठेही खेळता येतं' हे पटवून द्या मला. विमानात परवानगीशिवाय नेता येते ती बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंतची, म्हणून कंपन्या त्याच्या आतच थांबतात. १५० वॅट ओढणारं यंत्र त्यावर तासभरसुद्धा चालणार नाही. ते टाळायला प्लग काढला की लॅपटॉप स्वतःच कार्डाचा गळा आवळतो. शेवटी भिंतीला बांधूनच खेळायचं, तर डेस्कटॉप काय वाईट?

वसतिगृहकन्या:
प्लग लावूनच खेळायचं हे आम्हाला ठाऊक आहे, दादा. प्लग बदलत राहतो, हा मुद्दा आहे. दर सत्राला खोली बदलणाऱ्या माणसाने कॅबिनेट, मॉनिटर आणि वायरींचं बोचकं घेऊन फिरायचं का?

आणि भोचक, तुम्ही हेडफोन लावाल. शेजारच्या कॉटवर झोपलेली काय लावेल? लॅपटॉप टर्बो मोडवर टाकला की पंखे इतके किंचाळतात की शेवटी सायलेंट मोडवरच खेळावं लागतं, आणि त्या मोडमध्ये वॅट कापलेले असतात. त्यामुळे जाडजूड, कमी आवाजात पूर्ण वॅट देणाऱ्या मॉडेलाला माझं मत. रातकिड्याच्या बाजूने धरा.

चष्मिष:
स्क्रीनचं नुसतं नाव घेऊन सोडून दिलंत. '१४४ हर्ट्झ' (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) वाचून लोक भुलतात. त्या वेगात एका फ्रेमला सुमारे ७ मिलिसेकंद मिळतात. पॅनेलला रंग बदलायला त्याहून जास्त वेळ लागला, तर हलत्या वस्तूंमागे शेपटी दिसणारच. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) लिहिलं असेल, तर रंग फिके. असं पॅनेल मी तरी घेणार नाही, कार्ड कुठलंही असो. मक्स स्विच (ग्राफिक्स कार्ड थेट पडद्याला जोडणारा) आहे का तेही बघा. नसेल तर प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्गे फिरून पडद्यावर येते आणि वेग घटतो.

भोचक:
स्क्रीनला बाहेरून मॉनिटर जोडता येतो. ग्राफिक्स चिप तशी बाहेरून जोडायला गेलात, तर मग खुर्चीवीर बरोबर ठरतात. बाकी वॅटचा आकडा माहितीपत्रकात कित्येकदा सापडतच नाही. गिऱ्हाइकाने बघायचा कुठे?

रातकिडा:
दुकानातला चालू नमुना मिळाला तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा, सिस्टम इन्फर्मेशनमध्ये कार्डाची कमाल वॅट मर्यादा दिसते. ती झाली कागदावरची. खरी बघायची तर एखादा जड गेम अर्धा तास चालू ठेवलेला रिव्ह्यू शोधा. पहिली पाच मिनिटं सगळेच लॅपटॉप शूर असतात.