एनएमसी ८११ कॅथोड: कडेचा रॉक-सॉल्ट थर खरा की बीमचा? मदत हवी आहे

मंडळी, बॅटरीवाले कोणी असाल तर जरा बघा. एनएमसी ८११ (निकेल, मँगनीज, कोबाल्ट ८:१:१ असलेलं लिथियम ऑक्साइड) चे कॉइन सेल (नाण्याएवढे चाचणीचे सेल, समोर लिथियम मेटल म्हणजे हाफ सेल) ४.४ व्होल्टपर्यंत चार्ज, मग डिस्चार्ज असे फिरवतोय, कॅपॅसिटी बरीच घसरली म्हणून एक सेल डिस्चार्ज करून उघडला आणि कॅथोडचा एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) काढला. लेयर्ड रचना (लिथियम आणि धातूंचे आलटून पालटून थर) शाबूत दिसतेय, फक्त त्यातल्या ००३ आणि १०४ या पीकच्या उंचीचं गुणोत्तर १.२ च्या खाली आलंय. सर म्हणाले कॅटायन मिक्सिंग. पटतं तसं, निकेल टू प्लसची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम आणि लिथियमची ०.७६, त्यामुळे निकेल सहज लिथियमच्या जागेवर जाऊन बसतं, पण रोलरखाली दाबलेल्या इलेक्ट्रोडमध्ये कण एका दिशेने झोपले तरी हे गुणोत्तर हलतं, मग फक्त त्यावर किती भरवसा ठेवायचा?

मग खटपट करून दुसरीकडे स्टेमचा (अणू दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) स्लॉट मिळवला. हाडफ इमेजमध्ये (जड अणू चमकदार दिसतात तो मोड) कणाच्या कडेला काही नॅनोमीटर लिथियमच्या थरात चमकदार ठिपके आहेत, आत सगळं स्वच्छ. लिथियम या मोडमध्ये दिसतच नाही म्हणजे ते निकेलच असणार, आणि अगदी टोकाला एफएफटी (इमेजवरून गणिताने काढलेला रचनेचा पॅटर्न) रॉक-सॉल्टसारखा, म्हणजे मिठासारख्या बिनथरांच्या रचनेचा येतो. आता प्रश्न असा की इलेक्ट्रॉन बीमनेसुद्धा ऑक्सिजन निघून असाच थर तयार होतो, शिवाय सॅम्पल फिबने (आयनांच्या बीमने) कापलंय, तर हे सायकलिंगचं आहे हे सिद्ध कसं करायचं? आणि एवढासा थर कॅपॅसिटी इतकी खाऊ शकतो का?

प्रतिसाद: न वापरलेली पावडर त्याच इलेक्ट्रॉन डोसवर बघा आणि एकाच जागेच्या लागोपाठ फ्रेम घ्या, थर वाढत गेला तर बीमचा प्रताप. पण ८११ ला हवेतला ओलावा अजिबात सोसत नाही, कोऱ्या पावडरीवरही पातळ थर सापडतो, म्हणून जाडीतला फरक मोजा, तोही बऱ्याच कणांवर. कॅपॅसिटीचं म्हणाल तर जुना सेल सी बाय २० ला (२० तासांत एक चार्ज, इतक्या सावकाश) फिरवा, बरीचशी परत आली तर मटेरियल मेलेलं नाही, रेझिस्टन्स वाढलाय, आणि तो वाढवायला कडेचा थर पुरेसा आहे. तोच कॅथोड नव्या लिथियमसमोरही लावून बघा, हाफ सेलमध्ये खूपदा लिथियम मेटल आधी मान टाकतं आणि नाव कॅथोडचं खराब होतं. कण कापून क्रॉस सेक्शनचा सेम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो) काढलाय का? ४.२ व्होल्टच्या आसपास सी-अक्ष (थरांना काटकोनात असलेली दिशा) एकदम आक्रसतो, कणांना तडे जातात, इलेक्ट्रोलाइट आत शिरतं आणि तिथेही हाच थर बनतो.

धागाकर्ता: सेम नाही काढला अजून. सी बाय २० आजच लावतो. फिब टाळून पावडर खरवडून ग्रिडवर टाकली तर चालेल का?