मदत हवी आहे : बॅकलाइट गेलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलावा, की बोर्डवरची दुरुस्ती करावी?

नमस्कार.

माझ्या १४ इंची लॅपटॉपची बिजागरी सैल झाली होती. ती घट्ट करताना भाच्याने पडद्याची केबल मदरबोर्डवरून काढून पुन्हा बसवली, पण बॅटरीची जोडणी तशीच राहिली. चार्जर काढला म्हणजे वीज बंद झाली, असा त्याचा समज होता. (हा समज बऱ्याच जणांचा असतो, बॅटरी जोडलेली असेपर्यंत बंद लॅपटॉपच्या बोर्डवरही काही ठिकाणी वीज असतेच.) तेव्हापासून लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळा राहतो.

एचडीएमआयने टीव्हीला जोडल्यास चित्र व्यवस्थित येते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारला, तर डेस्कटॉपवरची चिन्हे पुसट, पण ओळखू येतील इतपत दिसतात. म्हणजे ग्राफिक्स, चित्राचा सिग्नल आणि पॅनेलला लागणारा ३.३ व्होल्टचा पुरवठा शाबूत असून बिघाड फक्त बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा, आहे, असा माझा निष्कर्ष आहे.

पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरातील एका दुकानात मदरबोर्ड बदलण्याचा आणि दुसऱ्या दुकानात पडदा बदलण्याचा सल्ला मिळाला. दोन्हीकडे मल्टिमीटर कोणी हातातही घेतला नाही, हे मला खटकले. कारण ३० पिनांच्या या केबलमध्ये बॅकलाइटचा पुरवठा वेगळ्या पिनांवरून जातो, बोर्डवर त्याच्या वाटेत सहसा तांदळाच्या कणीएवढा एक फ्यूज असतो आणि केबल तिरकी बसून शेजारच्या पिना एकमेकींना टेकल्या की बहुधा तोच आधी उडतो. फ्यूजच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मिळाले, तर दोष पुढे केबलमध्ये, पॅनेलच्या पट्टीवरील एलईडी चालवणाऱ्या चिपमध्ये किंवा बॅकलाइट सुरू करणाऱ्या सिग्नलमध्ये शोधावा लागेल. एकाच टोकाला मिळाले, तर फ्यूज उडाला हे उघड आहे. एवढी तपासणी झाल्याशिवाय मोठा खर्च करणे मला पटत नाही.

फ्यूजच्या जागी तार जोडून देण्याची तयारी एकाने दाखवली होती, ती मी नाकारली. पुढे शॉर्ट शिल्लक असेल, तर पुढच्या वेळी केबल किंवा बोर्डवरची तांब्याची पट्टीच जळेल.

जाणकारांना माझी विनंती अशी, की नवा फ्यूज बसवण्यापूर्वी पुढच्या बाजूचा शॉर्ट कसा पडताळावा, हे कृपया सांगावे. बॅटरी काढून, आधी पडद्याची केबल न जोडता आणि मग जोडून, फ्यूजच्या पॅनेलकडील टोकाचा ग्राउंडशी असलेला रोध मोजला, तर तेवढे पुरेसे आहे का? या बोर्डचा सर्किट आराखडा मला मिळालेला नाही आणि फ्यूजवरचे अक्षर वाचता येत नाही. अशा वेळी तो किती अँपिअरचा घ्यावा, हे कशावरून ठरवतात?

टीव्हीवर पाहून माहितीची प्रत काढून घेतली आहे आणि बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी कीही लिहून ठेवली आहे, त्यामुळे बोर्ड बदलावाच लागला तरी अडचण येणार नाही. तरीही पेठांच्या भागात किंवा कोथरूडकडे ग्राहकासमोर मोजमाप करून चिप लेव्हलचे (बोर्डवरचे सुटे भाग दुरुस्त करण्याचे) काम करणारे कोणी आपल्या स्वतःच्या अनुभवातले असल्यास अवश्य कळवावे. त्यांनी काम करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी दिला होता का, हेही सांगितल्यास बरे होईल.