‘डायव्हर्सिटी’ म्हणजे विविधता, प्रतिनिधित्व की आरक्षण?

प्रश्न: अमेरिकेतल्या एमआयटी, कॅलटेक या तंत्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘डायव्हर्सिटी’ला ‘आरक्षण’ चालेल का? ‘विविधता’ म्हटलं की जीवशास्त्राचं पुस्तक आठवतं. आणि ‘बॅकग्राउंड’ म्हणजे ‘घरची परिस्थिती’च ना?

उत्तर १: ‘आरक्षण’ नको, अर्थ उलटा होईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी बाजूला काढलेल्या असत. १९७८ साली बॅकी या प्रवेश नाकारलेल्या अर्जदाराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून विचारात घ्यायला मुभा ठेवली. ‘डायव्हर्सिटी’ हा शब्द प्रवेशाच्या भाषेत रुजला तो तिथूनच. म्हणजे राखीव जागा नाहीत, म्हणून हा शब्द. त्याच न्यायालयाच्या जून २०२३ च्या निकालाने ती मुभाही गेली. वंशामुळे आयुष्यात काय घडलं हे अर्जासोबतच्या निबंधात लिहिता येतं, पण त्याचं वजन त्या व्यक्तीचा अनुभव म्हणून, वंश म्हणून नाही.

आयआयटीबद्दल लिहिताना मात्र ‘आरक्षण’ आणि ‘प्रवर्ग’ हेच शब्द नेमके. तिथे गुणवत्ता क्रमांक आणि प्रवर्गाचा दाखला पाहतात, निबंध कोणी वाचत नाही. मुलींसाठी २०१८ पासून वाढवलेल्या जागांना ‘अधिसंख्य जागा’ म्हणा. त्या मूळ जागांतून कापलेल्या नाहीत. सरकारी मराठीत ‘अधिसंख्य पदे’ आधीपासून आहेत, नवा शब्द पाडायची गरज नाही.

उत्तर २: ‘विविधता’ ठेवा, पण ती समूहाची असते, एका माणसाची नाही. ‘विविध विद्यार्थी’ म्हणजे नुसते निरनिराळे विद्यार्थी. ‘विविध पार्श्वभूमीचे विद्यार्थी’ असंच लिहावं लागतं. ‘प्रतिनिधित्व’ आकडेवारी देताना वापरा. उदाहरणार्थ, एमआयटीत २०२४ साली आलेल्या वर्गात कृष्णवर्णीयांचं प्रतिनिधित्व ५ टक्के होतं, आधीच्या काही वर्षांत ते सुमारे १३ टक्के असे. मात्र हे आकडे मांडताना एक गोष्ट सांभाळा: एका विद्यार्थ्याला एकाहून जास्त वंश नोंदवता येतात, म्हणून सगळ्या टक्केवारीची बेरीज १०० च्या वर जाते. ‘उर्वरित इतके टक्के’ असं वाक्य बनवलंत की चुकलात.

‘घरची परिस्थिती’ फसवा शब्द आहे. मराठीत ‘परिस्थिती नव्हती’ म्हणजे पैसे नव्हते. ‘बॅकग्राउंड’मध्ये शाळेने काय शिकवलं हेही येतं. शाळेत कलनशास्त्रच (कॅल्क्युलस) नसेल तर ते न घेतल्याचा दोष मुलाचा नाही. म्हणूनच कॅलटेकने २०२३ साली अशा अर्जदारांना कलनशास्त्र, भौतिकी, रसायन येत असल्याचं दुसऱ्या मार्गाने दाखवायची सोय केली. तेव्हा ‘पार्श्वभूमी’च. जिथे गुण शाळेतल्या संधींशी ताडून वाचायचा मुद्दा असेल तिथे ‘संदर्भ’.

प्रश्नकर्ता: मग ‘फर्स्ट जनरेशन’? ‘घरातला पहिला पदवीधर’ लिहिलं होतं.

उत्तर १: थोरली बहीण पदवीधर असली की ते कोसळतं. व्याख्या सहसा आईवडिलांवरून करतात: दोघांपैकी कोणाकडेही चार वर्षांची पदवी नसणं. ‘पदवी नसलेल्या पालकांचं अपत्य’ लांब आहे, पण बरोबर आहे. नुसतं ‘पहिल्या पिढीतले’ तर टाळाच. अमेरिकेच्या संदर्भात वाचक स्थलांतरित समजतो.

उत्तर २: ‘लेगसी’लाही ‘वारसा’ नको, वाड्याचं जतन चाललंय असं वाटतं. ‘माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप’ लिहा. आणि एमआयटी ते देत नाही, एवढं त्याच वाक्यात टाका.